खासगीतून खर्च

विंचूरहून लासलगावमार्गे चांदवडला गेलात, तर तिथे होळकरांचा रंगमहाल उभा आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी तिथे सेल्फी काढले असतील. विंचूर हे विठ्ठल शिवदेव विंचूरकरांच्या जहागिरीचं गाव, तर चांदवड होळकरांकडचं. दोघेही पेशव्यांचे सरदार. १७६१ मध्ये पानिपतावर विठ्ठल शिवदेव होते, तसे मल्हारराव होळकरही होते. त्याच मल्हाररावांची सून म्हणजे अहिल्यादेवी. नाव शाळेपासून पाठ आहे. ३१ मेला, जयंतीच्या दिवशी, फोटो स्टेटसलाही लागतो. पण हातात शिवपिंडी घेतलेल्या त्या फोटोमागचं घर आपण फारसं बघत नाही.

जन्म १७२५ चा, जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. लहानपणीच मल्हाररावांचा मुलगा खंडेराव याच्याशी लग्न झालं. मल्हारराव सतत स्वारीवर असायचे. त्यांनी सुनेला लिहा-वाचायला, हिशेब बघायला लावलं. वसुली, रसद, तोफखान्याचं सामान अशी कामंही तिच्यावर सोपवली. म्हणजे ज्याला आज तुम्ही इंटर्नशिप म्हणता, ती त्यांची सासऱ्यांच्या हाताखाली झाली.

आता पुढची सालं ओळीने वाचा. १७५४, कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव मारले गेले. अहिल्यादेवी तेव्हा तिशीच्या आतल्या. त्या सती जायला निघाल्या होत्या. मल्हाररावांनी विनवण्या करून अडवलं. १७६६ ला मल्हारराव गेले. गादीवर मुलगा मालेराव बसला, तोही १७६७ मध्ये गेला. तेरा वर्षांत नवरा, सासरा, मुलगा!

दौलतीला वारस नाही म्हटल्यावर जे होतं तेच झालं. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी राघोबादादांना हाताशी धरलं. अहिल्यादेवींनी मात्र लढायची तयारी ठेवली आणि इतर सरदारांना आपल्या बाजूने वळवलं. दादांना माघार घ्यावी लागली. माधवराव पेशव्यांनी कारभार अहिल्यादेवींकडेच राहू दिला. फौज तुकोजी होळकरांकडे गेली. महेश्वर राजधानी झाली. पुढची अठ्ठावीस वर्षं कारभार तिथूनच चालला.

आणि आता मुद्द्याचं. होळकरांकडे पैशाची दोन खाती होती. एक दौलतीचं, म्हणजे राज्याच्या वसुलीचं. दुसरं खासगीचं. १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे वेगळं उत्पन्न लावून दिलं होतं. गौतमाबाईंनंतर ते अहिल्यादेवींकडे आलं. घरातल्या बाईचा हक्काचा पैसा तो. दागदागिने करा, वाडे बांधा, कुणी विचारणार नव्हतं.

अहिल्यादेवींचा दानधर्म झाला तो या खासगीतून. काशी विश्वनाथाचं आजचं मंदिर त्यांनी १७८० च्या सुमारास बांधवलं. सोमनाथला मंदिर, गयेला विष्णुपद, वेरूळला घृष्णेश्वर, आपल्या चांदवडला रेणुकामाता, शिवाय ठिकठिकाणी घाट, विहिरी, धर्मशाळा. यातली बहुतेक ठिकाणं होळकरांच्या मुलखात नव्हतीच. म्हणजे तिथून ना वसुली मिळणार होती, ना मतं!

यात फक्त देवळंच होती असं समजू नका. त्यांच्यानंतर काही वर्षांनी माळव्यात आलेल्या जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने लोकांकडून माहिती गोळा करून ठेवली आहे. रोज गरिबांना जेवण, उन्हाळ्यात रस्त्यावर पाणपोया, शेतात औत हाकणाऱ्यांपर्यंत पाणी, थंडीत गरजूंना गरम कपडे, एवढंच काय, पाखरांसाठी उभं पीक विकत घेऊन सोडलेलं. निपुत्रिक सावकार मेला की त्याची मालमत्ता सरकारजमा करायची आयती संधी असे. अहिल्यादेवींनी ती घेतली नाही. विधवेचा पैसा विधवेकडेच राहू दिला, दत्तक घ्यायलाही मोकळीक दिली. स्वतः त्या वाटेवरून गेलेल्या माणसालाच त्याची किंमत कळते.

दानात हात सैल, पण हिशेबात नाही. तुकोजी मोहिमेवरून सारखे पैसे मागायचे. घरचा माणूस म्हणून त्यांना सूट नव्हती. आधीच्या रकमेचा हिशेब आधी द्यावा लागे. त्यावरून दोघांत बराच काळ कुरबुर चालली.

घराने मात्र त्यांना शेवटपर्यंत सुख दिलं नाही. मुलगी मुक्ताबाई तेवढी उरली होती. तिचा मुलगा ऐन उमेदीत गेला, मग १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे गेले. मुक्ताबाई सती जायला निघाली. सदतीस वर्षांपूर्वी सासऱ्यांनी सुनेला जशा विनवण्या केल्या होत्या, तशाच आता आईने लेकीला केल्या. सासऱ्यांचं सुनेने ऐकलं होतं. आईचं लेकीने ऐकलं नाही. एवढ्या मोठ्या राज्याच्या मालकिणीला आपल्या घरातली ही एक गोष्ट थांबवता आली नाही. त्या काळातली रूढी किती घट्ट होती, हे यावरून समजून घ्या. तिचं कौतुक करायचं काहीच कारण नाही.

त्यानंतरही चार वर्षं त्या कारभार बघत होत्या. १३ ऑगस्ट १७९५ ला महेश्वरला त्या गेल्या. मागे स्वतःचं मूल नाही, नातू नाही.

पुढच्या वेळी कॉलेजच्या गॅदरिंगचा फंड तुमच्या हातात येईल किंवा गावच्या मंडळाची वर्गणी तुम्ही गोळा कराल, तेव्हा दोन वह्या करा. एक सगळ्यांच्या पैशाची, एक स्वतःच्या. नाव मोठं करायची हौस असेल, तर खर्च दुसऱ्या वहीत लिहा.