नांदायला गेली नाही म्हणून कोर्टात खेचली गेलेली डॉ. रखमाबाई

पोरगी माहेरी येऊन राहिली की काही दिवसांत वकिलाची नोटीस येते, नांदायला या, नाहीतर दावा लावू. तालुक्याच्या कोर्टात असे दावे आजही चालतात. अशीच नोटीस १८८४ मध्ये मुंबईत सुतार समाजातल्या एका तरुणीला आली होती. तिचं नाव रखमाबाई.

जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा. वडील लहानपणीच गेले. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न केलं, त्यांच्या समाजात ती मुभा होती. जाताना पहिल्या नवऱ्याची मिळकत त्यांनी लेकीच्या नावे केली. अकराव्या वर्षी रखमाबाईचं लग्न १९ वर्षांच्या दादाजी भिकाजींशी झालं. पण ती सासरी गेली नाही, घरीच राहून वाचत-शिकत राहिली. दादाजींनी दावा लावला तेव्हा तिने सरळ सांगितलं, हे लग्न माझ्या समजुतीने झालेलं नाही, मी जाणार नाही.

२१ सप्टेंबर १८८५ ला हायकोर्टाचे न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. असा दावा हिंदू धर्मशास्त्रातला नाही, तो इंग्रजी कायद्यातून आलेला, आणि जी कधी नांदलीच नाही तिला 'परत' नांदायला कसं पाठवायचं, असा त्यांचा मुद्दा. यावर गदारोळ उठला. टिळकांच्या पत्रांनी निकालावर कडाडून टीका केली, तर सुधारक तिच्या बाजूने उभे राहिले. दादाजींनी अपील केलं. १८८६ मध्ये अपील कोर्टाने पिन्हेंचा निकाल फिरवला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. कायदा तोच, बाई तीच, हायकोर्टही तेच, आणि निकाल मात्र दोन टोकांचे!

रखमाबाई तुरुंगात जायला तयार झाली. व्हिक्टोरिया राणीने निकाल रद्द केला असं बरेच जण सांगतात, पण तसं काही झालं नाही. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेतले आणि हुकूम बजावायचा नाही असं मान्य केलं. रखमाबाई जिंकली नव्हती, सुटली होती.

मग ती लंडनला मेडिकलला गेली. १८९४ मध्ये डॉक्टर झाली आणि परत आल्यावर सुरत, नंतर राजकोट इथे बायकांच्या दवाखान्यात अनेक वर्षं काम केलं. आनंदीबाई जोशी आधी डॉक्टर झाल्या होत्या, पण त्यांना दवाखाना चालवायला आयुष्यच मिळालं नाही.

या खटल्याने पेटलेल्या वादातूनच १८९१ चा संमतीवयाचा कायदा पुढे आला. मुलीचं वय १० वरून १२ झालं. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण त्याला सुद्धा केवढा विरोध झाला होता! नांदायला न जाणाऱ्या बाईला तुरुंगात टाकायची तरतूद निघायला मात्र १९२३ उजाडलं.

२५ सप्टेंबर १९५५ ला, नव्वदाव्या वर्षी रखमाबाई गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा लागू झाला होता. त्यात घटस्फोट आला, आणि कलम ९ मध्ये नांदायला बोलवायचा दावाही राहिला. १९८३ मध्ये आंध्र हायकोर्टाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं. पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने ते वैध ठरवलं. कलम अजून आहे.