पाईनची वलये वाचणारा डग्लस

बोईसर एमआयडीसीत पाईनच्या खोक्याची फळी कधी निरखलीय? तिच्यातली वार्षिक वलये वाचायला जगाला शिकवले अँड्र्यू डग्लस (१८६७-१९६२) यांनी. हे खरे तर खगोलशास्त्रज्ञ. मंगळावरच्या कालव्यांवर शंका घेतली म्हणून १९०१ मध्ये नोकरी गेली. पण गडी खचला नाही! सूर्यावरील डागांचा माग काढायला त्यांनी ॲरिझोनातले पाईन तपासले. ओल्या वर्षी वलय रुंद, कोरड्या वर्षी अरुंद. १९२९ मध्ये एका जळक्या तुळईने वलयांची साखळी जुळली आणि जुन्या प्यूब्लो वस्त्यांचे वय कळले.

आपल्या कामाचे म्हणजे, वलयातल्या गडद पट्ट्यात पेशींच्या भिंती जाड असतात. हा पट्टा जितका जास्त, तितकी पाईनची घनता आणि ताकद जास्त. तेव्हा फळी निवडताना नुसती जाडी मोजू नका, वलयेही बघा!