विश्लेषण : गायक वुडी गथ्री यांचा आजार दारूचे व्यसन का समजला गेला? एका जनुकातील दोष काय करतो?

‘दिस लँड इज युवर लँड’ हे गाणे १९४० मध्ये लिहिणारे अमेरिकी लोकगायक वुडी गथ्री यांचे वयाच्या ५५ व्या वर्षी, १९६७ मध्ये रुग्णालयात निधन झाले. अखेरच्या काळात त्यांना गिटार वाजवता येत नव्हती, बोलताही येत नव्हते. या आजाराचे मूळ असलेले जनुक सापडले ते त्यांच्या निधनानंतर २६ वर्षांनी.

आजार आला कुठून?

गथ्री यांचा जन्म १४ जुलै १९१२ रोजी ओक्लाहोमा राज्यातील ओकेमा येथे झाला. आई नोरा यांचा स्वभाव हळूहळू बदलत गेला, हालचालींवरचा ताबा सुटला. गावाने त्यांना वेडे ठरवले. वुडी किशोरवयात असताना त्यांना मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले आणि तिथेच त्यांचा मृत्यू झाला. तो हंटिंग्टन आजार होता.

निदानाला उशीर का झाला?

चाळिशीकडे येताना वुडी यांचा तोल जाऊ लागला, संताप अनावर होऊ लागला. कोणी दारूला दोष दिला, कोणी स्किझोफ्रेनियाचे निदान केले. अखेर १९५२ मध्ये खरे निदान झाले. वास्तविक जॉर्ज हंटिंग्टन या डॉक्टरांनी १८७२ मध्येच या आनुवंशिक आजाराचे वर्णन केले होते.

जनुकात नेमके काय बिघडते?

चौथ्या गुणसूत्रावरील एचटीटी हे जनुक ‘हंटिंग्टिन’ प्रथिन तयार करते. त्यात सीएजी ही तीन अक्षरे एकापाठोपाठ येतात. ही पुनरावृत्ती ४० किंवा त्याहून अधिक झाली, की पुरेसे आयुष्य लाभलेल्या व्यक्तीला आजार होतोच. प्रथिनातील ग्लुटामिनची साखळी लांबते, त्याचे तुकडे चेतापेशींत साचतात आणि मेंदूतील हालचाली नियंत्रित करणाऱ्या पेशी मरू लागतात. लक्षणे बहुधा ३० ते ५० या वयात, म्हणजे अनेकदा मुले झाल्यानंतर दिसतात. प्रत्येक अपत्याला दोष मिळण्याची शक्यता ५० टक्के असते.

पुढे काय झाले?

घटस्फोटानंतरही वुडी यांची काळजी घेणाऱ्या मार्जोरी यांनी १९६७ मध्ये या रुग्णांसाठी संघटना स्थापन केली. व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराकाठच्या बाधित कुटुंबांच्या रक्तनमुन्यांमुळे १९८३ मध्ये जनुकाची जागा कळली. १९९३ मध्ये जनुक हाती लागले.

वुडी यांच्या पहिल्या विवाहातील दोन्ही मुलींचा याच आजाराने मृत्यू झाला. गायक मुलगा आर्लो मात्र बचावला. आज रक्तचाचणीतून लक्षणांच्या आधीच उत्तर मिळते. आजार बरा करणारे औषध मात्र नाही. त्यामुळे चाचणी करावी की नाही, हा निर्णय अशा घरातील प्रत्येकाला स्वतःच घ्यावा लागतो.