डॉ. कमला सोहोनी : आपल्या ताटातलं विज्ञान

बारावीचा निकाल लागल्यावर मुरुडमधली माझी एक विद्यार्थिनी भेटायला आली. तिला डायटिशियन व्हायचंय. घरी मात्र एकच प्रश्न, स्वयंपाक शिकायला डिग्री कशाला? तिच्या वडिलांशी बोलायला गेलो, तेव्हा मी त्यांना कमलाबाईंची गोष्ट सांगितली.

लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या धाकट्या बहीण. जन्म 1911 चा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव दोघंही केमिस्ट, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाल्यावर 1933 मध्ये कमलानंही तिथंच अर्ज केला. मार्क उत्तम होते, तरी अर्ज नाकारला. कारण एवढंच, की ती मुलगी होती. आणि नाकारणारे कोण, तर नोबेल मिळवलेले सर सी. व्ही. रामन! मोठी माणसंही चुकतात, हे मुलांनी लक्षात ठेवावं.

कमला माघारी फिरली नाही. थेट रामन यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर : पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, सांगितलं तर रात्रीही काम करायचं आणि तिच्यामुळं मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. हा अपमान तिला आयुष्यभर बोचला. पण काम चोख केलं. वर्षभरात रामन यांचं मत बदललं आणि पुढं संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला.

तिथं श्रीनिवासय्यांच्या हाताखाली तिनं दूध, डाळी आणि कडधान्यांतल्या प्रथिनांचा अभ्यास केला. मग केंब्रिज. 1939 मध्ये पीएच.डी. मिळाली. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा!

परतल्यावर दिल्लीचं लेडी हार्डिंग कॉलेज, नंतर कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा. 1947 मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न होऊन त्या मुंबईला आल्या आणि विज्ञान संस्थेत शिकवू लागल्या. आपल्या लातूर भागाच्या जवळचं काम इथलंच. आतड्यात प्रथिनं पचवायला ट्रिप्सिन लागतं. कच्च्या कडधान्यांत या ट्रिप्सिनला अडवणारे घटक असतात. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यांवर संशोधन केलं. नीट शिजवलं की या घटकांचा जोर बराच ओसरतो. आपली आजी डाळ मऊ शिजवते ती सवयीनं. का शिजवायची, हे सांगायला बायोकेमिस्ट्री लागते. डायटिशियनच्या डिग्रीत तीच शिकायची असते, शिवाय शरीरक्रियाशास्त्र आणि आजारानुसार आहार. नुसत्या पाककृती नव्हेत.

राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला. कुपोषित आदिवासी मुलं आणि गरोदर बायांना नीरेचा फायदा होतो, हे दाखवलं. त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. संस्थेचं संचालकपद मात्र उशिरानंच मिळालं. पुढं ग्राहक चळवळीत शिरून अन्नातल्या भेसळीविरुद्ध त्या लिहीत राहिल्या. 1998 मध्ये त्यांचं निधन झालं.

माझ्या विद्यार्थिनीचे वडील डाळ मिलमध्ये कामाला आहेत. ट्रिप्सिनची गोष्ट त्यांनी हातातला चहा गार होईस्तोवर ऐकली. फॉर्मवर सही अजून झालेली नाही. रविवारी परत जाणार आहे.