हृदयाचे ठोके कागदावर उतरविणारा

ग्वाल्हेरच्या जयारोग्य रुग्णालयात काय, वा कोठेही काय, छातीत दुखू लागलेल्या माणसाचा प्रथम ई.सी.जी. काढतात. तारा जोडणाऱ्या तंत्रज्ञाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. आपल्या मुलाने हे काम शिकावयाचे म्हटले, तर डॉक्टर होता आले नाही म्हणून इकडे वळला, असे आपण सहज बोलून जातो. अशा वेळी विलेम आइन्थोव्हेन यांचे चरित्र आठवावे.

त्यांचा जन्म १८६० साली जावा बेटावरील सेमारांग येथे झाला. वडील डॉक्टर होते. पण विलेम लहान असतानाच ते वारले. १८७० मध्ये आई सहा लेकरांना घेऊन हॉलंडमधील उट्रेख्ट शहरी आली. शिक्षणास पैसा नव्हता, म्हणून पुढे लष्करात डॉक्टरकी करण्याचा करार करून त्यांनी विद्यापीठात प्रवेश मिळविला. १८८५ मध्ये ते डॉक्टरेट झाले आणि लगेच लायडनला त्यांची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली.

तरी शिकणे संपले नाही. प्रत्येक ठोक्याबरोबर हृदयात सूक्ष्म वीज उत्पन्न होते हे ठाऊक होते, पण ती अचूक मोजणारे साधन नव्हते. आपले गणित व पदार्थविज्ञान कच्चे आहे हे ओळखून त्यांनी ते स्वतःच अभ्यासले. मग चांदीचा मुलामा दिलेली, केसाहून बारीक तार लोहचुंबकात ताणून त्यांनी यंत्र बनविले. त्याचे वजन सुमारे २७० किलो. चालवावयास पाच माणसे! रोगी हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसे. यंत्र रुग्णालयात नेता येईना, तेव्हा १९०५ मध्ये दीड किलोमीटरवरून टेलिफोनच्या तारेने रोग्याचे ठोके प्रयोगशाळेत आणले. आलेखाला त्यांनी दिलेली पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे आजही प्रत्येक तंत्रज्ञ शिकतो.

१९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. यंत्र घडविताना व्हान डर वुर्त नावाचे साहाय्यक त्यांच्याबरोबर राबले होते. ते तोवर वारले होते. त्यांच्या दोन बहिणी हलाखीत आहेत हे शोधून काढून आइन्थोव्हेन यांनी बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांना दिली, असे सांगतात. १९२७ मध्ये ते निवर्तले.

आज या कामासाठी विज्ञान शाखेतून बारावी व त्यानंतर हृदयतंत्रज्ञानाची पदविका किंवा पदवी घेतात. पण तार चुकीच्या जागी लागली, तर मोठा डॉक्टरही चुकीचेच वाचणार! संडे स्कूलच्या शिक्षकांनी मोठ्या वर्गाला हे अवश्य सांगावे. मंडळीतील एखादी मुलगी हे शिकू म्हणाली, तर तिला कमी लेखू नये. फीची सोय कशी होईल ते पाहावे.