पंडिता रमाबाई : आई आणि विद्यार्थिनी

या अंकात आम्ही पंडिता रमाबाईंचा परिचय देत आहोत. त्यांची विद्वत्ता व समाजकार्य सर्वश्रुत आहे. परंतु कडेवर लहान मूल असताना त्या स्वतः विद्यार्थिनी होत्या, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. विद्यार्थ्यांबरोबर पालकांनी व विश्वस्तांनीही ती आवर्जून वाचावी, अशी आमची विनंती आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले होते. पुढे त्याच आईने लेकीला शिकविले.

दुष्काळात आई, वडील व बहीण गेली. भाऊ श्रीनिवास यांच्याबरोबर देशभर पायी फिरत रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी त्यांचा विवाह झाला. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीचे निधन झाले. मुलगी तेव्हा वर्षाचीही नव्हती.

रमाबाई पुण्यास आल्या. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि स्त्रियांसाठी स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर हव्यात, अशी साक्ष हंटर आयोगापुढे दिली. १८८३ मध्ये वैद्यकी शिकण्यासाठी त्या मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. कानांनी कमी ऐकू येत असल्याने वैद्यकीचा बेत सोडावा लागला, पण शिक्षण सोडले नाही. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकत आणि संस्कृत शिकवीत. लहानग्या मनोरमेला वाँटेजच्या मठातील भगिनी सांभाळीत. रमाबाईंची बुद्धी असामान्य होती, तरी मूल सांभाळणारे कोणी नसते तर त्यांना वर्गात बसता आले नसते.

११ मार्च १८८६ रोजी अमेरिकेत आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभास रमाबाई उपस्थित होत्या. आनंदीबाईही १४व्या वर्षी आई झाल्या होत्या. त्यांचे बाळ उपचारांअभावी दहा दिवसांत गेले. त्या दुःखातूनच त्या वैद्यकीकडे वळल्या.

बरोबर तीन वर्षांनी, ११ मार्च १८८९ रोजी, रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले व पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. धर्मांतराच्या आरोपांवरून १८९३ मध्ये मोठा वाद झाला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई खचल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या तेव्हाच्या मध्य प्रांतात, म्हणजे आपल्याच भागात, आल्या आणि निराधार मुलींना घेऊन गेल्या. केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. लिहिण्या-वाचण्याबरोबर विणकाम, शेती व छापखान्याचे काम तेथे शिकविले जाई. समाजाने दोष देऊन घराबाहेर काढलेल्या स्त्रियांसाठी वेगळे कृपासदन होते.

मनोरमा पदवीधर होऊन आईच्या कार्यात सहभागी झाली. १९२१ मध्ये ती गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले.

आज १८ वर्षांआधी मुलीचे लग्न करणे कायद्याने गुन्हा आहे. तरीही चार इमलीच्या आसपासच्या वस्त्यांत दहावी-बारावीआधी शिक्षण सुटलेल्या तरुण आया आपल्याला भेटतात. एखाद्या मुलीवर अशी वेळ आली, तर तिची चौकशी करून तिला लाजविण्याऐवजी तिच्या परीक्षेची व्यवस्था करावी. नियमित वर्ग जमत नसल्यास मुक्त विद्यालयाचा फॉर्म भरून द्यावा. विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे की, दुपारच्या वेळी एक खोली अशा मातांच्या अभ्यासासाठी व त्यांच्या बाळांसाठी मोकळी ठेवावी. बाळांना सांभाळण्यासाठी ज्या आजी व पालक भगिनी तासभर देऊ शकतील, त्यांनी कार्यालयात नाव नोंदवावे.