अलेक्झांडर फॉन हंबोल्ट

ताडाचें झाड हिमाच्छादित शिखरावर कां वाढत नाहीं, हा प्रश्न आपणांपैकीं फारच थोड्यांच्या मनांत आला असेल. अशा प्रश्नांच्या शोधांत ज्या पुरुषानें आपलें धन व तारुण्य वेंचिलें, त्याचें अल्प चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

हंबोल्ट यांचा जन्म १७६९ सालीं बर्लिन शहरीं झाला. दहाव्या वर्षींच त्यांचें पितृछत्र हरपलें. मोठेपणीं त्यांनीं खाणखात्यांत नोकरी धरिली. १७९६ सालीं आई निवर्तली आणि मोठा वारसा हातीं आला. दुसरा एखादा सुखासीन झाला असता. हंबोल्ट यांनीं नोकरी सोडिली, मोजमापाचीं उपकरणें जमविलीं, आणि १७९९ सालीं बाँप्लां या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्रासह दक्षिण अमेरिकेकडे प्रयाण केलें.

अँडीज पर्वताच्या तळच्या उष्ण प्रदेशांत त्यांना ताड व केळी दिसल्या. त्यांहून उंचावर सिंकोना व ओक, त्यावर नुसतें गवत. २३ जून १८०२ रोजीं ते चिंबोराझो पर्वत चढले. हा पर्वत त्या काळीं जगांत सर्वांत उंच समजला जाई. हवा विरळ झाली, हिरड्यांतून रक्त आलें, वनस्पतींपैकीं केवळ खडकाला चिकटलेलें दगडफूल उरलें. सुमारें १९,००० फुटांवर एका खोल दरीनें वाट अडविली. शिखर हुकलें, पण एक मोठें सत्य त्यांच्या ध्यानीं ठसलें. दर हजार मीटर उंचीस उष्णता सुमारें साडेसहा अंशांनीं घटते. थंडीनें पाणी गोठतें, वाढीचे दिवस कमी होतात, आणि थोर वृक्षांना जेथें जगतां येत नाहीं तेथें लहान रोपें तग धरितात. म्हणजे एक पर्वत चढणें हें विषुववृत्तापासून ध्रुवाकडे जाण्यासारखेंच होय!

१८०७ सालीं त्यांनीं हें सारें एका भव्य चित्रांत दाखविलें. १८१७ सालीं सारख्या सरासरी उष्णतेचीं स्थळें जोडणाऱ्या समताप रेषा नकाशावर आंखून, समुद्र व वारे यांमुळें त्या अक्षांशांपासून कशा ढळतात, हें त्यांनीं सिद्ध केलें.

हिमालयाशीं अँडीजची तुलना करावी ही त्यांची फार दिवसांची आस होती. परंतु ईस्ट इंडिया कंपनीनें हिंदुस्थानांत येण्याची परवानगी दिली नाहीं. आमच्या भूमीला त्यांचे पाय लागले नाहींत, याची हळहळ वाटते. तरीही ते खचले नाहींत. एकोणसाठाव्या वर्षीं, १८२९ सालीं, ते रशियांतून अल्ताई पर्वतापर्यंत गेले. प्रवास व ग्रंथछपाई यांत वारसा संपला. १८५९ सालीं, ८९ वर्षांचे असतां, त्यांचा अंत झाला.

२०१२ सालीं संशोधक पुन्हा चिंबोराझोवर गेले, तेव्हां वनस्पतींची सीमा वर सरकलेली आढळली. किती सरकली याविषयीं मतभेद आहेत. पण पृथ्वी तापत असल्याची ही खूण होय. हंबोल्ट यांनीं त्या काळीं नोंद ठेविली नसती, तर हा बदल कोणास कळता? विद्यार्थ्यांनीं हें ध्यानीं घ्यावें: शिखर हुकलें तरी चालेल, वाटेवरची नोंद चुकतां कामा नये.